अर्ध्या दाढीची सभा

व्यसनमुक्तीच्या वॉर्डात मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली निम्मी सिस्टर इन्चार्ज म्हणून. राग माझ्या नाकावर असतो हे आमच्या इमारतीच्या चारी मजल्यांना माहीत आहे. कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. तरी आज एका माणसाबद्दल लिहायला बसले आहे, आणि लिहिताना त्यांच्यापुढे आपण फार लहान आहोत असं वाटतंय. हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला पकडायला नको.

हा माणूस न्हावी आहे. वॉर्डात त्यांना सगळे गुळगुळीत काका म्हणतात. एक तर त्यांचा हात फिरला की कसलाही खरखरीत गाल गुळगुळीत होतो, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नाही. पेशंट चिडवतात, "काका, घरचंच गिऱ्हाईक गमावलंत की!" काका म्हणतात, "म्हणून तर तुमच्या दाराशी येतो."

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊच्या ठोक्याला ते हजर होतात. हातात पत्र्याचा एक डबा. त्यात वस्तरा, पात्यांची पाकिटं, ब्रश, साबणाची वाटी, तुरटी आणि दोन धुतलेले टॉवेल. दाढीनंतर लावायचं सुगंधी लोशन त्यांच्याकडे कधीच नसतं, कारण त्यात स्पिरिट असतं आणि आमच्या वॉर्डात ते प्यायलेली तीन माणसं मी स्वतः पाहिली आहेत. काका नुसती तुरटी फिरवतात.

दाढीच्या आडून त्यांचं दुसरं एक काम चालतं. आमच्या दवाखान्यापासून पाच मिनिटांवर बंद पडलेल्या एका टायपिंग क्लासची खोली आहे. कुठलं बोट कुठल्या अक्षरावर ठेवायचं याचा तक्ता अजून तिथल्या भिंतीवर आहे. रोज संध्याकाळी सहाला तिथे दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे लोक जमतात. तिथे डॉक्टर नाही, साहेब नाही. आपापली हकिगत सांगायची, दुसऱ्याची ऐकायची आणि उद्या पुन्हा यायचं. त्याला स्वमदत गट म्हणतात, पण तिथले लोक नुसतं 'सभा' म्हणतात. आमच्याकडून बरा होऊन गेलेला माणूस त्या सभेला जायला लागला तर टिकतो, नाही गेला तर बहुतेक वेळा पुन्हा माझ्याच खाटेवर येतो, एवढं मी सव्वीस वर्षांत पाहिलं आहे. म्हणून घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी सभेचा पत्ता छापलेला कागद द्यायची आणि वहीत खूण करायची. एकदा काकांनी जिन्याजवळच्या कचऱ्याच्या डब्यातून असे चार कागद काढून माझ्या टेबलावर ठेवले. "सिस्टर, कागदाला पाय नसतात हो," एवढंच म्हणाले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

काकांची पद्धत निराळी. गालावर साबण लावलेल्या माणसाला वाद घालता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. डाव्या गालाला एक वाक्य: "माझेही हात असेच थरथरायचे." उजव्या गालाला दुसरं: "सभेला पहिल्यांदा गेलो तेव्हा दारातून दोनदा परत फिरलो होतो." वरच्या ओठाशी आले की गप्प, कारण तिथे माणूस हसला तर कापतं. मग टॉवेलने तोंड पुसताना सांगायचं, "पावणेसहाला न्यायला येतो, तयार राहा." येणार का, असं ते विचारत नाहीत. आणि पावणेसहाला खरोखर येतात. पेशंट वॉर्डात असतानाच डॉक्टरांच्या परवानगीने त्याला सभेला नेतात आणि परत आणून सोडतात. घरी गेल्यावर पहिला आठवडाभर त्याच्या घरून नेतात. पाऊस असो, अंगात ताप असो, यात कधी खंड पडलेला नाही.

हे सगळं ते कुठून शिकले, तेही मी पाहिलं आहे. बावीस वर्षांपूर्वी हेच काका आमच्याकडे स्ट्रेचरला बांधून आले होते आणि मला मनगटाला चावले होते. दारूच्या नशेत त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या कानाची पाळी कापली होती. दुकान गेलं, त्यांच्या हातात मान द्यायला कुणी तयार होईना. दोनदा बरे होऊन गेले, दोनदा परत आले. दोन्ही वेळा माझा कागद त्यांच्या खिशात होता.

तिसऱ्या वेळी सभेतले एक मास्तर त्यांना भेटायला वॉर्डात आले. शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. खाटेशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "माझी दाढी वाढलीय. करून द्याल?" काकांनी आपले हात पुढे करून दाखवले. पाण्याचा पेला धरला तर निम्मं पाणी सांडत होतं, असे हात. मास्तर म्हणाले, "दिसतंय मला. मला घाई नाही." मी आरडाओरडा केला. त्या खाटेवरच्या माणसाच्या हातात वस्तरा म्हणजे माझी नोकरी गेलीच असती. मास्तर मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही तेवढा कापूस जवळ ठेवा." आणि मान मागे टाकून त्यांनी डोळे मिटले.

तीन ठिकाणी कापलं. मास्तरांनी आरशात पाहिलं, म्हणाले, "झकास." संध्याकाळी त्यांनी काकांना दंडाला धरून सभेला नेलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा दाढीला आले, तेव्हा दोन ठिकाणी कापलं. मग एक. मग एकही नाही. मी चारही वेळा कापूस घेऊन बाजूला उभी होते. अशी मान मी माझ्या सख्ख्या भावाच्या हातात दिली नसती.

सख्ख्या भावाचीच गोष्ट आता सांगायची आहे.

माझा धाकटा कारखान्यात लेथ मशीनवर धातू कातायचं, म्हणजे टर्नरचं काम करतो. केसाच्या जाडीचा फरक बोटाने ओळखतो, आणि घोटभर दारूने त्या बोटांची माती होते. गेल्या वर्षी तो तिसऱ्यांदा माझ्याच वॉर्डात दाखल झाला. भावजय लेकीला घेऊन माहेरी गेली होती, आणि तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "यकृताने या वेळी सोसलंय. पुढच्या वेळी सोसेल असं मी सांगणार नाही." म्हणजे आता सभेला गेला तर जगेल, नाहीतर नाही, इतका हिशेब सरळ होता. मी त्याला समजावलं, ओरडले, त्याच्या लेकीची शपथ घातली. तो भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, "ताई, त्या रडक्यांच्या कळपात मी बसणार नाही. मला कुणाची गरज नाही."

काका त्याला टर्नरसाहेब म्हणायचे. तो त्यांना म्हणायचा, "दाढी करा, प्रवचन नको." काका म्हणायचे, "तोंड बंद ठेवा, नाहीतर साबण जाईल. प्रवचनापेक्षा वाईट लागतो." पावणेसहाला ते रोज त्याच्या खाटेशी येऊन उभे राहायचे. तो हलायचा नाही. काका पाच मिनिटं थांबायचे आणि दुसऱ्या पेशंटला घेऊन जायचे. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी शुक्रवार होता. त्याच्या आदल्या दुपारी कारखान्यातला एक मित्र भेटायला येऊन गेला होता. त्याने आणलेली फळं मी एकेक तपासली होती, कारण सुईने आत दारू टोचून आणलेली संत्रीसुद्धा मी पकडलेली आहेत. उशा, गाद्यांच्या शिवणी, संडासाची टाकी, काही म्हणून मी सोडत नाही. आमचा नियम कडक आहे. वॉर्डात दारू सापडली की पेशंट त्याच दिवशी बाहेर. माझा भाऊ असला म्हणून त्यात सूट नव्हती.

काका खिडकीपाशी एकेकाला खुर्चीत बसवून दाढी करत होते. धाकटा नेहमी शेवटी बसायचा. त्याचा डावा गाल झाला आणि पातं बोथट झालं म्हणून काकांनी डब्यात हात घातला. हात आतच राहिला. मी तीन पावलांवर पेशंटचे कागद लिहीत होते, सहज वर पाहिलं. काकांनी हात बाहेर काढला तेव्हा तो थरथरत होता. एकोणीस वर्षांत मी तो हात थरथरताना पाहिला नव्हता. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, डबा उचलला आणि म्हणाले, "सिस्टर, मी येतो जरा." अर्धी दाढी तशीच टाकून ते निघून गेले.

मला वाटलं, छातीत दुखतंय की काय. मग धाकट्याकडे नजर गेली. एका गालावर साबण आणि दुसरा गाल पांढराफटक.

"ताई," तो म्हणाला, "त्या डब्यात माझी चपटी आहे."

माझ्या सगळ्या तपासणीत ती एकच जागा सुटली होती, आणि लेकाने नेमकी तीच हेरली होती. सकाळी माझी फेरी सुरू झाली तेव्हा त्याने मित्राने दिलेली ती बाटली डब्यातल्या टॉवेलाखाली सरकवली होती. दाढी झाली की काढून घेणार होता. माझा हात उठला होता, तो मी कसा आवरला ते मलाच माहीत. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता.

"त्यांनी उघडली तर? एकोणीस वर्षं, ताई! माझ्यामुळे!" असं म्हणून तो उठला आणि वॉर्डाच्या पायजम्यात, तोंडाला साबण तसाच ठेवून धावत सुटला. माझ्या सहीशिवाय पेशंट जिना उतरत नाही. मी ज्युनियर सिस्टरला ओरडून सांगितलं, "आलेच!" आणि त्याच्यामागे पळाले.

रस्त्यावर लोक खो खो हसत होते. चाव्यांच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं, "अहो, दुसऱ्या गालाने काय पाप केलं?" एरवी धाकट्याने त्याची गचांडी धरली असती. त्या दिवशी त्याने मान वळवली नाही. काकांनी सभेला जायला लागल्यावर पुन्हा थाटलेल्या दुकानाला कुलूप होतं. पुढच्या कोपऱ्यावर एक बार आहे, सकाळी दहाला उघडतो. धाकटा त्याच्या दारात थबकला आणि आत शिरला. मी रस्त्याच्या मधोमधच उभी राहिले. अर्ध्या मिनिटात तो बाहेर आला. "इथे नाहीत," म्हणाला आणि पुढे पळाला. माझा भाऊ बारमध्ये गेला आणि कोरड्या तोंडाने बाहेर आला, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं ते दुपारी.

काका टायपिंग क्लासच्या बंद दारासमोर पायरीवर बसले होते. डबा त्यांनी पायरीच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला होता आणि त्याच्याकडे पाठ केली होती. कानाला फोन.

"टेलर, मी बोलतोय. माझ्याजवळ दारू आहे आणि मी एकटा आहे. या." फोन ठेवला, दुसरा लावला. "बाई, बँकेत गर्दी आहे का? असू दे. मला तुमची गरज आहे. या."

मी तिथेच थांबले. चारशे माणसांना 'अडचण आली की फोन करा' असं सांगताना मी त्यांना ऐकलं होतं. हे वाक्य त्यांना स्वतःलाही लागू आहे, आणि काका ते इतक्या सरळपणे, लहान मूल आईला हाक मारतं तसं पाळतील, असं मला कधी सुचलंही नव्हतं. मी असते तर लाजेने मेले असते, पण हाक मारली नसती.

धाकटा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "काका, तुम्ही सिस्टरला दिली का नाहीत ती बाटली? घेऊन का निघालात?"

काका म्हणाले, "दिली असती तर तुम्हाला आज हाकललं असतं. तिथेच ठेवली असती तर तुम्ही प्यायला असतात. म्हटलं, नेऊन ओतून टाकू. कोपऱ्यावर गेल्यावर कळलं, एकदा झाकण उघडून वास आला की मी ओतणार नाही." मग थोडं हसून म्हणाले, "चुकलंच माझं. एवढा शहाणपणा करायला नको होता."

सभेतला एकेक जण यायला लागला. टेलर आला, गळ्यात टेप तशीच. शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला. बँकेतल्या बाई खिडकी बंद करून आल्या होत्या. शेवटी काठी टेकत मास्तर आले. आता ऐंशीच्या घरातले. एका पायात एक चप्पल, दुसऱ्यात दुसरीच.

"उघडलीस?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"इच्छा झाली?"

"फार."

"बरं. सरक जरा," म्हणाले आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

आता डबा कुणी उघडायचा? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आयुष्यात कधी दारूला शिवली नव्हती अशी तिथे मी एकटीच. मी डबा उचलला, गल्लीच्या टोकाला गेले आणि ती चपटी गटारात रिकामी करून वरून दोन बादल्या पाणी ओतलं. त्या लोकांच्या उपयोगी पडल्याचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा मला कुठल्या पदकाचाही वाटला नसता.

मग सकाळी साडेअकराला सभा भरली. तक्त्याखाली खुर्च्या गोल लावल्या. काका बोलले, मोजून चार वाक्यं. आज फार भीती वाटली, अजून वाटतेय, तुम्ही आलात म्हणून बसू शकतोय, धन्यवाद. बोलताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. कुणी 'रडू नका' म्हणालं नाही. कुणी उपदेश केला नाही. बसच्या ड्रायव्हरने नुसती मान हलवली, जणू रस्ता विचारणाऱ्याला बरोबर रस्ता सापडला होता. सव्वीस वर्षं या लोकांना मी 'माझे पेशंट' म्हणत आले होते. त्या खोलीत मला माझ्या खुर्चीत ताठ बसवेना.

धाकटा दारातच उभा होता. साबण गालावर वाळला होता. तो म्हणाला, "ती बाटली माझी होती. मी लपवली होती."

त्याने डोळे मिटून घेतले होते. बहुधा कुणीतरी कानाखाली वाजवेल असं त्याला वाटलं असावं. टेलरने शेजारची खुर्ची थोडी मागे ओढली आणि म्हणाला, "बसा." तो बसला. नऊ दिवस, तीनदा दाखल होणं आणि माझ्या शंभर शिव्या, यातल्या कशाने जे झालं नव्हतं, ते त्या एका शब्दाने झालं.

मी सिस्टर इन्चार्ज होते, तेव्हा नियम मलाच सांगावा लागला. "याला आज दुपारी घरी जावं लागेल," मी म्हणाले. त्याच्या घरात तेव्हा कुणीही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी माझ्या घरी नेणार होते, पण त्याच्या मनात काय चाललंय ते मला कुठे कळणार होतं?

धाकटा खाली बघत बसला होता. मग त्याने मान वर केली. ज्या माणसाला कुणाची गरज नव्हती, त्याचा आवाज इतका बारीक होऊ शकतो हे मी पहिल्यांदा ऐकलं.

"संध्याकाळी सहाला... मला न्यायला कुणी येईल का?"

काकांनी आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. "मी येतो टर्नर," ते म्हणाले. "ताईंच्या घरी येईन. पण हाक मारली की लगेच उतरा. आज मला रस्त्यावर एकट्याने थांबणं जमणार नाही."

"थांबायला नाही लागणार," धाकटा म्हणाला.

त्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी होते. पाच वाजता धाकट्याने मला किती वाजले विचारलं. सव्वापाचला पुन्हा विचारलं. साडेपाचला दाराचा आवाज आला म्हणून मी खिडकीत गेले. तो खाली फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला होता, आणि काका ज्या बाजूने येणार होते त्या बाजूला टक लावून बघत होता.